‘बूमर’ कोणाला म्हणता बे?

आजोबांनी फॅमिली ग्रुपवर गुलाबाच्या फुलासोबत ‘सुप्रभात’ टाकलं, की तुम्ही मित्रांच्या ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट टाकता. खाली एकच शब्द: ‘बूमर’. दुसऱ्या दिवशी चाळीस वर्षं तर्री-पोहे विकणाऱ्या काकाजींचं रील टाकता, त्यावर लिहिता ‘ओजी’. दोघं एकाच वयाचे. एक टिंगलीचा विषय, दुसरा लिजेंड. हे कोणी ठरवलं?

आधी शब्द कुठून आले ते बघा. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत जन्मदर झपाट्यानं वाढला. तिथं 1946 ते 1964 या काळात जन्मलेले ते ‘बेबी बूमर्स’. स्वस्त घरं, पक्क्या नोकऱ्या त्यांनी उपभोगल्या आणि आम्हाला कर्ज अन् तापलेली पृथ्वी ठेवली, असा तिथल्या पोरांचा राग आहे. 2019 मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत क्लोई स्वारब्रिक ही 25 वर्षांची खासदार हवामान बदलावर बोलत होती. एका ज्येष्ठ सदस्यानं मध्येच तोंड घातलं, तर ती ‘ओके बूमर’ म्हणून पुढे बोलत राहिली. तिथं तो शब्द शोभला, कारण समोर सत्ता होती.

आता आपल्याकडे या. त्याच वर्षांत जन्मलेले आपले आजी-आजोबा रेशनच्या रांगेत उभे राहिले, 1972 चा दुष्काळ त्यांनी पाहिला. कोणी एम्प्रेस मिलमध्ये पाळ्या केल्या. 1877 मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती गिरणी बंद पडली, आणि आज तुम्ही त्या जागेवरच्या मॉलमध्ये फिरता. त्यांनी कोणती स्वस्त घरं लाटली? भांडण अमेरिकेतलं, शिवी मात्र ओटीपी कुठे येतो म्हणून विचारणाऱ्या आजोबांना. हे काही जमत नाही यार.

‘ओजी’चीही गंमतच आहे. ‘ओरिजिनल गँगस्टर’ हे त्याचं पूर्ण रूप, लॉस एंजेलिसच्या टोळ्यांमधलं. आज ते कौतुकाचं झालं. शब्द असे वर-खाली होतच असतात. तुम्ही दिवसातून पन्नास वेळा म्हणता तो ‘सर’ लॅटिनमधल्या ‘सीनियर’पासून आलाय. त्याचा मूळ अर्थ ‘वयानं मोठा’, एवढाच.

उलटा प्रवास बघायचा तर लांब जायला नको. 14 ऑक्टोबर 1956 ला आपल्या नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली ती भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून. ‘स्थविर’ म्हणजे वयानं आणि साधनेनं ज्येष्ठ. पालीत त्याचं झालं ‘थेर’. थेरवाद म्हणजे ज्येष्ठांची शिकवण. याच शब्दाला मराठीनं शेपूट लावलं आणि झालं ‘थेरडा’! दीक्षाभूमीवर ज्या शब्दापुढे हात जोडले जातात, त्याचाच भाऊबंद आपण बसमध्ये सीट मागणाऱ्याच्या अंगावर फेकतो.

म्हणजे दोष फक्त इंग्रजीचा नाही. आपल्याकडे ‘मुरलेला’ आहे, ‘कसलेला’ आहे, तसंच ‘पिकलं पान’ अन् ‘जुनं खोड’ही आहे. आणि ‘आमचा बुढा’ तर म्हणणाऱ्याच्या सुरावर अवलंबून. त्यात जीवही असतो आणि वैतागही.

तुमची बाजूही मान्य. ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ हे वाक्य ऐकून ऐकून कान किटतात. करिअर असो की लग्न, नुसतं वय हा मुद्दा होऊ शकत नाही. पण मग ‘बूमर’ हासुद्धा मुद्दा होत नाही. दोन्ही वाक्यं एकच काम करतात: समोरच्याचं तोंड बंद करतात. आणि खरं सांगू? ‘लिजेंड’, ‘ओजी’ म्हणूनही तेच होतं. हार घातला, फोटो काढला, निघालो. त्या काकाजींना रस्सा कसा जमवता, धंदा मंदीत कसा तगला, हे विचारलं का कोणी?

त्यामुळे ‘बूमर’वर बंदी घाला असं मी म्हणत नाही. जिथं कोणी खुर्चीच्या जोरावर तुम्हाला गप्प करतो, तिथं बिनधास्त वापरा. घरात मात्र जरा थांबा. पावसाळे मोजून दाखवणाऱ्याला विचारा, ‘आबाजी, त्यातला सगळ्यात वाईट कोणता होता?’ उत्तर पाच मिनिटांत संपणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, कॉलेजमध्ये फर्स्ट इयरची पोरं तुम्हाला ‘सीनियर’ म्हणायला लागली आहेत. पुढचा शब्द काय असेल, ते ठरवायला ती फार वेळ घेणार नाहीत.