वाचनयंत्र आपले, पुस्तक कुणाचे?



शाळेच्या ग्रंथालयासाठी चार-सहा ई-रीडर घ्यावेत, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. ते जरूर घ्यावेत असेच माझे मत आहे. मात्र त्याआधी एका गोष्टीचा विचार व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम गुण सांगते. मी स्वतः किंडल वापरते आणि ते मला मनापासून आवडते. त्याच्या पडद्यातले काळे-पांढरे सूक्ष्म कण पान उलटताना जागा बदलतात आणि मग तसेच स्थिर राहतात. म्हणून एकदा चार्ज केले की ते कित्येक दिवस चालते, उन्हात बसूनही कागदासारखे वाचता येते. अक्षर हवे तेवढे मोठे होते, त्यामुळे आजी-आजोबांचीही सोय होते. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने त्यावर मराठी पुस्तकांचे दालन उघडले. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याबरोबर पुस्तके मागवणाऱ्या आपल्यासारख्या बडोदेकरांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

माझी तक्रार आहे ती कुलपाची. तिथल्या पुष्कळ पुस्तकांना 'डीआरएम' नावाचे कुलूप असते आणि त्याची किल्ली फक्त त्याच कंपनीच्या यंत्राला किंवा ॲपला मिळते. उद्या दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर घेतला, तर ती पुस्तके त्यावर उघडत नाहीत. आपण पैसे मोजतो पुस्तकाचे. हाती येतो तो वाचण्याचा परवाना.

परवाना म्हणजे काय, हे जुलै २००९ मध्ये दिसले. जॉर्ज ऑर्वेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही प्रती, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकल्या. पैसे परत दिले, प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पण अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे निरुपयोगी झाली, त्याचे काय? पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांनी घेतलेली पुस्तकेही गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने खरेदी केलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून घेण्याची जुनी सोयही काढून घेतली.

कुलूप नसेल तर चोरी होईल आणि लेखक उपाशी राहील, असे म्हटले जाते. लेखकाला मोबदला मिळालाच पाहिजे, यात शंका नाही. परंतु 'टॉर' या विज्ञानकथांच्या मोठ्या प्रकाशनाने २०१२ मध्ये आपल्या ई-पुस्तकांची कुलपे काढली आणि वर्षभराने सांगितले, की चोरी वाढल्याचे दिसले नाही. किंडलवरही कुलूप लावायचे की नाही, हे प्रकाशकाला ठरवता येते.

आपल्या गावाला हा विषय परका नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले आणि संस्थानभर मोफत ग्रंथालये उभी केली. फिरती ग्रंथालये गावोगाव गेली. एक पुस्तक अनेकांच्या हाती जावे, हेच त्यामागचे सूत्र होते. महाराष्ट्राबाहेर आपली मराठी टिकली, तिलाही आजोबांच्या कपाटातून नातवाच्या हाती आलेल्या पुस्तकांचा आधार आहे. कुलूपबंद पुस्तक असे हातोहात देता येत नाही.

म्हणून विश्वस्तांना विनंती, की यंत्रे घ्यावीत. पण पुस्तके घेताना ती बिनकुलपाची आहेत का, हे विचारावे. अशी पुस्तके किंडलवर घालता येतात आणि यंत्र बदलले तरी आपल्याजवळ राहतात. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके तर विनामूल्य आहेत. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो; साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे साहित्य २०११ पासून सर्वांना खुले आहे. जी पुस्तके कुलपाशिवाय मिळत नाहीत आणि पुढच्या पिढीसाठी ठेवायची आहेत, ती कागदावरच घ्यावीत.

आणि मुलांनो, पुस्तक खरेदी करताना एक प्रश्न विचारायची सवय ठेवा : हे वाचून झाल्यावर मी मैत्रिणीला देऊ शकेन का?