पदवीनंतरची बारामती, पदवीनंतरचे इंदापूर

बारामतीत पदवीनंतर शिकायची सोय नाही, असे आज कोणी म्हणणार नाही. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून उभे आहे आणि आता ते स्वायत्तही आहे. विद्या प्रतिष्ठानची स्थापना १९७२ ची. त्याच्या विद्यानगरीत अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान असे बरेच काही एका आवारात मिळते. शारदानगरला शेतीचे शिक्षण आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर २००९ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आली. २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तालुक्याच्या एका गावाभोवती एवढ्या संस्था महाराष्ट्रात फार ठिकाणी नाहीत.

तरीही निकाल लागला की बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतली बरीच हुशार मुले पुण्याची वाट धरतात. काही एम.एस्सी.साठी जातात, काही स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेसाठी. काही नुसतीच जातात, कारण मित्र गेलेले असतात. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ, फेरेरो, श्रायबर डायनामिक्स यांच्यासारखे मोठे कारखाने आहेत, पण बाहेरून आलेला तरुण अभियंता इथे दोन-तीन वर्षे काढतो आणि बदली मागतो. तेव्हा पुढच्या काही वर्षांत या भागात जो पैसा आणि जे लक्ष उच्च शिक्षणाकडे जाईल, ते नेमके कशावर खर्च व्हावे, हा प्रश्न मोकळेपणाने मांडायला हवा.

सगळ्यात मोठ्याने येणारी मागणी स्वतंत्र विद्यापीठाची असते, किंवा निदान उपकेंद्राची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची उपकेंद्रे नाशिक आणि अहिल्यानगरला आहेत. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला मात्र पुष्कळदा साध्या दाखल्यासाठीही पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठापर्यंत जावे लागते. इंदापूरहून ते अंतर एका बाजूने सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे. शेजारच्या साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ २०२१ मध्ये झाले. मग बारामतीत का नको? मागणी रास्त आहे. स्वतःचा अभ्यासक्रम आणि परीक्षेचे स्वतःचे वेळापत्रक हाती आले की पुष्कळ अडथळे दूर होतात.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. नव्या विद्यापीठाची पहिली काही वर्षे कुलसचिव, परीक्षा विभाग, इमारती आणि मान्यता यांत जातात. नोकरीच्या मुलाखतीत पुणे विद्यापीठाच्या पदवीला जे वजन आहे, ते नव्या नावाला मिळायला एक पिढी लागते आणि त्याची किंमत पहिल्या काही तुकड्या मोजतात. शिवाय आज पदव्युत्तर वर्ग बहुतेक विनाअनुदानित आहेत. तिथे शिकवणारे पुष्कळ प्राध्यापक तासिका तत्त्वावर काम करतात आणि सुट्टीच्या महिन्यांत त्यांच्या हातात पगार पडत नाही. विद्यापीठाची पाटी बदलून हे बदलणार नाही. म्हणून आमचा कल आज तरी विद्यापीठाकडे नाही. परीक्षा आणि दाखल्यांचे एक सुविधा केंद्र बारामतीत किंवा इंदापुरात जरूर व्हावे, तेवढ्याने मुलांचे हेलपाटे वाचतील. बाकी पैसा माणसांवर आणि प्रयोगशाळांवर जावा.

आमच्या मते खरी उणीव वेगळीच आहे. पदव्युत्तर विद्यार्थी जे संशोधन करतात, त्याचा ते राहतात त्या मुलखाशी फारसा संबंध उरलेला नाही.

हा मुलूख तर प्रश्नांनी भरलेला आहे. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. त्याच्या पाण्यावर ऊस आला आणि पाठोपाठ जमिनी चोपण होऊ लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवरचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला होता. म्हणजे याच मातीवर शास्त्रीय काम सुरू होऊन शंभर वर्षे उलटली. कालव्याच्या खालच्या अंगाला क्षारपड रान आजही आहे. जवळच्याच महाविद्यालयात रसायनशास्त्राची पदव्युत्तर प्रयोगशाळा आहे, आणि माळेगावात अवर्षण, खार आणि उष्णता याच विषयांना वाहिलेली राष्ट्रीय संस्था आहे. पण प्रयोगशाळेतल्या मुलीला प्रकल्पाचा विषय बहुधा मागच्या तुकडीच्या बाडातून मिळतो.

इंदापूरचे उदाहरण याहून मोठे आहे. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि तालुक्याची उत्तर कड पाण्याने व्यापली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की दिसते. भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या काठांवर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येतात, आणि मासेमारी करणारी कुटुंबे त्यांना होडीतून फिरवतात. याच जलाशयात मुळा-मुठा आणि भीमेतून पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी उतरते. पाण्याला हिरवट तवंग येतो, जलपर्णी माजते, मासे कमी झाल्याची तक्रार जुने मच्छीमार करतात. प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा चार विभागांना दहा वर्षे पुरेल एवढा अभ्यास या एका पाण्यात आहे. दर महिन्याला ठरावीक ठिकाणांहून नमुने घेऊन त्यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवणे हे काम पुण्याच्या संशोधकापेक्षा काठावरच्या गावातून कॉलेजला येणारा विद्यार्थी अधिक नेमाने करू शकेल.

याला सोयीचा दरवाजा आता उघडलेला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचे, म्हणजे साधारण १२० तासांचे, कार्यानुभव प्रशिक्षण आले आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आला. पण हे दोन तुकडे सुटे राहतात. मुलगा उन्हाळ्यात एका कंपनीत जातो, शिक्का आणि प्रमाणपत्र घेऊन येतो आणि पुढच्या वर्षी भलत्याच विषयावर प्रकल्प लिहितो. प्रशिक्षण आणि प्रकल्प एकाच प्रश्नाला जोडले, तर विद्यार्थ्याच्या हातात सलग वर्षभराहून अधिक काळ येतो. कारखान्यातल्या पाण्याचा पुनर्वापर, दूधसंकलनातली नासाडी, निमगाव केतकीच्या पानमळ्यांवरची रोगराई, यांपैकी कोणताही प्रश्न तेवढ्या काळात निदान नीट मांडून होईल.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. तीन-चार आठवड्यांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला यंत्रावर उभे करता येत नाही. सुरक्षेची जबाबदारी असते आणि शिकवायला मोकळा माणूस नसतो. ही अडचण खोटी नाही. सलग वर्षाची जोडणी हे तिच्यावरचेही उत्तर ठरू शकते, कारण वर्षभर येणारा मुलगा कंपनीच्या उपयोगी पडू लागतो. मात्र त्याला विद्यावेतन द्यावे लागेल. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये ठरवले गेले, पण शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नाही. मग पैसा कुठून आणायचा? मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ मध्ये ऊस उत्पादकांनी आणि त्यांच्या सहकारी कारखान्यांनीच उभी केली होती. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे पाच सहकारी कारखाने याच पट्ट्यात आहेत. टनामागे अगदी किरकोळ रक्कम बाजूला काढली तरी काही डझन विद्यार्थ्यांचे विद्यावेतन निघेल. यावर आक्षेप येईल की सहकारात उसाचे बिल वेळेवर देणेच जड जाते, त्यात हे कशाला. आक्षेप गंभीर आहे. ज्या कारखान्याची बिले थकली असतील, त्याच्याकडे हात पसरू नये. सुरुवात सक्षम कारखान्यांनी आणि एमआयडीसीतल्या खाजगी कंपन्यांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून करावी.

आणखी एक गोष्ट आदर राखून पण स्पष्ट बोलली पाहिजे. बारामतीतल्या अनेक मोठ्या संस्था एकाच घराण्याच्या पुढाकाराने उभ्या राहिल्या. त्यामुळे कामे भराभर झाली, बाहेरचे तज्ज्ञ आले, निधी अडला नाही. त्याच वेळी सहकार, स्थानिक राजकारण, पाणीवाटप या विषयांवर इथेच बसून परखड प्रबंध लिहिणे विद्यार्थ्याला अवघड वाटते. सहकाराचा अभ्यास करायला देशभरातून माणसे या भागात येतात. इथल्याच समाजशास्त्राच्या मुलाला तो मोकळेपणाने करता आला पाहिजे. म्हणून असे विषय ठरवणारी समिती एका संस्थेची नसावी, आणि तिच्यात बाहेरच्या विद्यापीठातले प्राध्यापक असावेत.

आता नोकरी करणाऱ्यांकडे वळू. त्यांच्यासाठी संध्याकाळचे पदव्युत्तर वर्ग सुरू करा, असे सुचवले जाते. सूचना चांगली आहे, पण कारखान्याची पाळी आठवड्याने बदलते. या आठवड्यात सहाच्या तासाला येणारा मुलगा पुढच्या आठवड्यात त्याच वेळी मशीनवर असतो. तोच तास सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा घेतला तरच त्याला अर्थ आहे, आणि मग प्राध्यापकाला दुप्पट मानधन द्यावे लागेल. ते शक्य नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि रविवारची प्रयोगशाळा हाच प्रामाणिक मार्ग ठरेल.

शहराच्या जगण्याबद्दल बोलायचे तर बारामती देखणी झाली आहे. तीन हत्ती चौकातला कालवा सुशोभित झाला, रस्ते रुंद झाले, बसस्थानक नवे झाले. गदिमा सभागृह आहे, नटराज नाट्य कला मंडळ आहे. मोरोपंतांच्या या गावाला रसिकता कोणी शिकवायची गरज नाही. पण पंचविशीतल्या, एकट्या राहणाऱ्या आणि गावात नातेवाईक नसलेल्या माणसाच्या नजरेने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. खोली भाड्याने मागायला गेले की ‘फक्त फॅमिली’ हे उत्तर येते, आणि मुलगी असेल तर प्रश्न दुप्पट होतात. घरमालकांची काळजी समजण्यासारखी आहे, कारण सोसायटीची कुरबुर त्यांनाच निस्तरावी लागते. पण कॉलेजच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या आणि अजून संसार न थाटलेल्या नोकरदार मुलीने कुठे राहायचे, याचे उत्तर शहराने द्यायला हवे. टेक्सटाइल पार्कात काम करणाऱ्यांत बायकांचा वाटा मोठा आहे. केंद्राच्या सखी निवास योजनेतून एमआयडीसीलगत आणि इंदापुरात नोकरदार महिलांची वसतिगृहे वाढवणे हे आमच्या मते कोणत्याही नव्या उद्यानापेक्षा आधी यावे.

इथे जिरायत भागातला वाचक विचारील, आणि त्याला तो हक्क आहे, की सुपे-मोरगावच्या बाजूची गावे जानाई-शिरसाई योजनेच्या आवर्तनाची वाट पाहत असताना शहरातल्या पगारदारांच्या जगण्याची काळजी सरकारने का करावी. हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. म्हणूनच नाट्यगृहाच्या वातानुकूलनापेक्षा आम्ही बसवर भर देऊ. पालखी मार्गामुळे बारामती-इंदापूर रस्ता चांगला झाला. पन्नासेक किलोमीटरच्या या रस्त्यावर भवानीनगर, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकीच्या मुलींना प्रयोगशाळेतला शेवटचा तास किंवा ग्रंथालयातला अभ्यास सोडून निघावे लागते, कारण बस चुकली की घरून फोन सुरू होतात. बारामतीहून इंदापूर, भिगवण, वालचंदनगर आणि सुपे या चार दिशांना रात्री साडेआठ-नऊची खात्रीची एसटी दिली, तर तिचा उपयोग एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीला होईल, कामावरून उशिरा सुटणाऱ्या कामगाराला होईल आणि दवाखान्यात पेशंटपाशी थांबलेल्या जिरायतातल्या बाईलाही होईल. सुरुवातीला गाड्या रिकाम्या धावतील. तो तोटा काही काळ नगरपरिषद, संस्था आणि कंपन्यांनी मिळून सोसावा.

राहता राहिले पुण्याला जाणे. ते थांबवावे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. मोठ्या शहरात वेगळ्या विचारांची माणसे भेटतात, स्पर्धा कळते, जातीची आणि गावकीची ओळख मागे ठेवून स्वतःला पारखता येते. मुलींना तर हे मोकळेपण फार मोलाचे असते. नवराबायको दोघे उच्चशिक्षित असतील तर दोघांना साजेशी कामे एका छोट्या शहरात मिळणेही कठीण. स्थळ पाहताना नोकरी पुण्यात आहे का, हे आधी विचारले जाते, यामागे नुसता दिखावा नसतो. पण दहा वर्षांनी परत यावेसे वाटले तर यायला जागा असावी. १९३० च्या दशकात माळरानावर साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे तिथल्याच अभियांत्रिकी कारखान्यात इस्रोच्या प्रक्षेपकांचे भाग बनू लागले. घर, शाळा आणि दवाखाना हाताशी होते म्हणून परगावचे अभियंते इंदापूर तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. कंपनीने वसाहत बांधण्याचा तो काळ आता गेला. ते काम नगरपरिषदेने आणि संस्थांनी वाटून घ्यायचे आहे.

या सगळ्यात इंदापूर मागे पडण्याचा धोका आहे. संस्था बारामतीत आहेत, म्हणून बैठका बारामतीत होतील, निधीही तिथेच मुरेल. प्रकल्पांचे विषय निवडणाऱ्या समितीत इंदापूर आणि कळंब-वालचंदनगरच्या महाविद्यालयांचे प्राध्यापक पहिल्या दिवसापासून असावेत. उजनीच्या पाण्याचा अभ्यास इंदापूरच्या प्रयोगशाळेत व्हावा आणि त्यासाठीची उपकरणे तिथेच घ्यावीत. हे येत्या प्रवेशप्रक्रियेआधी ठरले, तर पुढच्या उन्हाळ्यात प्रशिक्षणाला निघणाऱ्या तुकडीला विषय हातात घेऊन निघता येईल.