बंदूक कोणाच्या आज्ञेत?
आफ्रिकेतील बुर्किना फासोचे लेफ्टनंट कर्नल दामिबा 2013 व 2014 साली अमेरिकेच्या पैशाने चाललेल्या शांतिसेना प्रशिक्षणात शिकले. त्यांनीच जानेवारी 2022 मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष काबोरे यांना हटवून संसद बरखास्त केली, संविधान स्थगित केले. सप्टेंबरमध्ये कॅप्टन त्राओरे यांनी दामिबांनाही हटवले. प्रशिक्षणामुळे बंड झाले, असे आम्ही म्हणत नाही. पण बंदूक चालवणे परका शिकवील. ती जनतेच्या आज्ञेत ठेवणे देशातील संस्थांनाच शिकवावे लागते. राबविणारे वाईट निघाले तर चांगले संविधानही वाईट ठरते, हे बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले होते. मदत देणाऱ्यांनी केवळ सैनिक मोजू नयेत. तिथली संसद आणि न्यायालये किती सबळ झाली, याचा हिशेब आधी द्यावा!