दुसऱ्याची ठेव

छोट्या सांस्कृतिक संस्था दारिद्र्याने मरतात, असा सार्वत्रिक समज आहे. अमेरिकेतील ‘लुकआउट रेकॉर्ड्‌स’ या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या संस्थेचा इतिहास या समजाला छेद देणारा आहे. ती दारिद्र्यात वाढली आणि समृद्धी आल्यावर ढासळली.

१९८७ मध्ये लॅरी लिव्हरमोर व डेव्हिड हेज यांनी कॅलिफोर्नियात ही संस्था काढली. त्याच सुमारास बर्कली शहरातील गिलमन रस्त्यावर तरुणांनी स्वतःच चालविलेले एक संगीतगृह उभे राहिले होते. तेथे मद्याला मज्जाव होता आणि वंशद्वेषाला थारा नव्हता. वेगवान, कर्णकटू, तरीही सहज गुणगुणता येणाऱ्या चालींचे जे संगीत ‘पॉप पंक’ या नावाने पुढे जगभर गेले, त्याला या परिसराने आसरा दिला आणि ‘लुकआउट’ने तबकडीवर आणले. ‘ऑपरेशन आयव्ही’चा ‘एनर्जी’ हा संच (१९८९) आणि ‘ग्रीन डे’ या वाद्यवृंदाचे पहिले दोन संच याच संस्थेचे. करार सुटसुटीत असे: खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यातील ६० टक्के कलावंतांचे, ४० टक्के संस्थेचे.

१९९४ मध्ये ‘ग्रीन डे’चा ‘डूकी’ हा संच एका बड्या कंपनीने काढला व तो अफाट खपला. श्रोते त्यांच्या जुन्या तबकड्यांकडे वळले आणि ‘लुकआउट’कडे अनपेक्षित पैसा आला. १९९७ मध्ये लिव्हरमोर बाहेर पडले. सूत्रे ख्रिस ॲपलग्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांकडे गेली. जाहिराती, चित्रफिती आणि नव्या वाद्यवृंदांचे ध्वनिमुद्रण यांवरील खर्च फुगत गेला. कलावंतांची रॉयल्टी मात्र थकत गेली. अखेर २००५ मध्ये ‘ग्रीन डे’ने आपल्या ध्वनिमुद्रिकांचे हक्क काढून घेतले. बहुतेक कर्मचाऱ्यांना निरोप द्यावा लागला, नवी प्रकाशने थांबली आणि २०१२ मध्ये संस्थेने कायमची दारे लावली.

नव्या चालकांच्या बाजूनेही बोलता येईल. बड्या कंपन्यांशी सामना करायचा तर खर्च अटळ होता, आणि तो नव्या कलावंतांसाठीच होत होता. हेतू चांगला होता, हे मान्य. प्रश्न एवढाच की पैसा कोणाचा होता? विक्रीची सारी रक्कम संस्थेच्या खात्यावर जमा होते, म्हणून ती सारी संस्थेची ठरत नाही. कलावंताचा वाटा ही तिच्याकडे असलेली ठेव असते. ठेव मोडून केलेला विस्तार हे धाडस खरे. पण त्यातील जोखीम दुसऱ्याच्या माथी असते. ‘ग्रीन डे’सारख्या धनाढ्य झालेल्या कलावंतांना थांबणे परवडले. ज्यांच्या तबकड्या थोड्याच खपतात, त्यांचे मात्र एका थकलेल्या हप्त्याने पुढचे ध्वनिमुद्रण अडते.

स्नेहावर उभ्या असलेल्या संस्थांत हा धोका अधिक. मित्राकडे हिशेब मागणे संकोचाचे वाटते. न मागितलेला हिशेब हळूहळू लांबतो आणि लांबलेला हिशेब शेवटी मैत्रीही गिळतो. यावर उपाय साधा आहे. कलावंताचा वाटा पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवावा आणि ठरल्या तारखेला, कोणी मागण्यापूर्वी, हिशेब धाडावा. ध्येयवादाला हिशेबाची वही रुक्ष वाटते. परंतु त्याची सचोटी अखेर त्या वहीतच तपासली जाते.