परभणीच्या विद्यापीठात कार्बन कपात पंख्यापासून का?

परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेचा भर मात्र नव्या, मोठ्या इमारतींवर आहे. मग जुन्या वर्गखोल्यांचं काय? पाडून नवं बांधायचं तर सिमेंट-लोखंडाचा कार्बन आधीच हवेत जातो.

त्यापेक्षा हा हिशोब पाहा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज ८ तास, वर्षाला २०० दिवस धरले तर एका पंख्यामागे ७२ युनिट वाचतात. आपली बहुतांश वीज कोळशाची, म्हणजे सुमारे ५० किलो कार्बन डायऑक्साइड कमी. गच्चीला पांढरा चुना दिला तर मे महिन्यात खोल्याही कमी तापतात.

सौर पॅनेलचं उद्घाटन होतं, पंख्यांसाठी फीत कोण कापणार? पण आधी वापर घटला, तर पॅनेलही कमीच लागतील.