मोटारीची टाकी आणि मोटारीची भूक

पानिपत म्हटले की मराठी वाचकास १४ जानेवारी १७६१ चा दिवस आठवतो, आणि त्याआधीची उपासमारही आठवते. दिल्लीकडील वाट अब्दालीने रोखली, रसद तुटली. लढवय्यांच्या जोडीस बुणगे व यात्रेकरू यांचीही पोटे भरावयाची असल्याने छावणीतील धान्य सरत गेले. कोठारात धान्य किती आहे, एवढ्याच प्रश्नास अर्थ नसतो. ते रोज किती खर्च होते हे कळले, म्हणजेच ते किती दिवस पुरेल हे सांगता येते. हा साधा हिशेब आज त्याच पानिपतावरून धावणाऱ्या जुन्या मोटारींनाही लागू पडतो. मात्र मोटारीच्या बाबतीत तो वारंवार विसरला जातो.

जुनी मोटार घेऊ इच्छिणारा गृहस्थ पुष्कळदा प्रथम टाकीची चौकशी करतो. मोठी टाकी म्हणजे लांबचा पल्ला, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे तीन परिचित गाड्यांवरून पाहता येईल. उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबॅसडर सुमारे ४.३ मीटर लांब; तिच्या टाकीत ५४ लिटर, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाने जवळजवळ १२ गॅलन पेट्रोल मावे. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ३.९ मीटरांची व टाकी ३८ लिटरांची. १९८३ च्या डिसेंबरात गुडगाव येथून बाहेर पडू लागलेली मारुती ८०० जेमतेम ३.३ मीटरांची व टाकी सुमारे २८ लिटरांची.

आता अँबॅसडर लिटरमागे ९, पद्मिनी १२ व मारुती १७ किलोमीटर चालते असे मानल्यास, भरल्या टाकीवर पहिली ४८६, दुसरी ४५६ व तिसरी ४७६ किलोमीटर जाईल. दिल्लीहून पानिपत सुमारे ९० किलोमीटरांवर आहे. तेथे जाऊन परत येण्याची खेप तिघीही दोनदा सहज करतील. टाकी जवळजवळ निम्मी, आणि पल्ला मात्र तोच! यात चमत्कार काही नाही. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो भरते. जादा पेट्रोल वाहावयाचे तर तेवढे ओझे वाढते व जागाही अडते. म्हणून रचनाकार सोयीचा पल्ला मनात धरतो, आणि गाडीच्या भुकेप्रमाणे टाकी बेततो. तात्पर्य, मोठी टाकी ही बहुधा गाडीच्या सामर्थ्याची नव्हे, तर तिच्या भुकेची खूण होय.

शिवाय लिटर हे मापही वाटते तितके स्थिर नाही. पेट्रोल एक अंश उष्णतेस हजारात सुमारे एक भाग प्रसरण पावते. ५० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले, तर ते सुमारे ५१ लिटर होते. टाकी काठोकाठ भरू नये असे सांगतात, ते याच कारणाने. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हे दुसरे कारण. पानिपत येथे १९९८ पासून तेलशुद्धीकरण कारखाना आहे, आणि भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा प्रकल्प २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेथेच सुरू झाला. पेंढा शेतात जाळण्यापेक्षा हा उपयोग निःसंशय चांगला. परंतु इथेनॉलची उष्णताशक्ती पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. म्हणून शेकडा २० मिश्रणाच्या एका लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा शेकडा सहा-सात भाग ऊर्जा कमी भरते. टाकी तीच राहते. पल्ला मात्र आखूड होतो.

ग्राहकाची ही चूक सरकारी वर्गवारीतही दिसते. २००६ च्या अर्थसंकल्पाने लहान मोटारींवरील अबकारी कर शेकडा २४ वरून १६ वर आणला. लहान कोणती, तर चार मीटरांहून लांब नसलेली, आणि पेट्रोल इंजिन १२०० घन सेंटिमीटरांच्या आतील अथवा डिझेल इंजिन १५०० च्या आतील. लांबीची ही सीमा करआकारणीत अद्याप टिकून आहे. परिणामी कारखानदारांनी गाड्यांची शेपटे छाटली. वजन व उंची मात्र वाढू दिली. फूटपट्टीने लांबी मोजता येते, भूक मोजता येत नाही.

वयाचेही तसेच. पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी प्रदेशात मोडतो. तेथे दहा वर्षांहून जुन्या डिझेल व पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्या चालू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले. त्याच वयाची गाडी उत्तरेस कुरुक्षेत्र जिल्ह्यात, त्या प्रदेशाबाहेर, चालू शके. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर कारवाई करण्यास मनाई केली, आणि डिसेंबरात हे संरक्षण भारत-४ व त्यापुढील धूरमानकांच्या गाड्यांपुरते ठेवले. वयाकडून धुराकडे टाकलेले हे पाऊल योग्य दिशेचे आहे.

यावर असा आक्षेप निघेल की, लांबी व वय कागदावरून कळतात, भूक व धूर तपासावे लागतात. आक्षेप खरा आहे. परंतु नव्या गाड्यांसाठी वजनाशी निगडित इंधनखर्चाची मानके २०१७-१८ पासून लागू आहेत. म्हणजे मोजणे अशक्य नाही, केवळ कष्टाचे आहे. हे कष्ट टाळल्यास त्याची किंमत कोण भरतो? नीट निगा राखलेली छोटी जुनी गाडी बाळगणारा सामान्य मनुष्य ती भरतो, आणि त्याच रस्त्यावरची हवा छातीत घेणारी मुलेही भरतात. कारण नवी परंतु खादाड गाडी नियमातून सुखरूप सुटते.

मोटारीस विचारावयाचे प्रश्न दोनच आहेत: लिटरमागे किती चालतेस, आणि मागे काय सोडून जातेस? टाकीचे माप, अंगाची लांबी व जन्माचे साल हे त्यानंतरचे प्रश्न.