मोर्तबाखालचा मजकूर
तंजावरच्या सरफोजी राजांच्या दरबाराचं दफ्तर चाले ते मोडी लिपीत. अशा मराठी दफ्तरात हुकमाच्या शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याचा शिक्का, उठवत, ते शोभेला नव्हे. त्याखाली कुणी दोन ओळी घुसडल्याच, तर त्या हुकमात धरायच्या नाहीत. कागदाला कागद चिकटवला तर सांध्यावरही शिक्का. इतका संशय! आज आपल्या वतीने मेल वाचणाऱ्या, तिकिटं काढणाऱ्या एआय एजंटांकडे नेमकं हेच मोर्तब नाही. मालकाची आज्ञा आणि परक्याचा मजकूर त्यांच्यापुढे एकाच ओघात येतो. म्हणून परक्याच्या मजकुरात आज्ञा दडवून त्यांना फसवता येतं; प्रोग्रामर सायमन विलिसन यांनी २०२२ मध्ये या फसवणुकीला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिलं. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या एआय सहायकामधलं ‘एकोलीक’ नावाचं भोक उघडकीला आलं. नुसता एक मेल येऊन पडायचा, त्यावर क्लिकसुद्धा नको; पुढे कोपायलटला काही विचारलं की मेलातली छुपी सूचना पाळून तो कंपनीची आतली माहिती बाहेर धाडू शके. ते भोक बुजवलं गेलं, पण मूळ दुखणं तसंच आहे. मला विचाराल तर एजंटाची अक्कल वाढवण्याआधी त्याचे अधिकार छाटावेत. परक्यांचे मेल वाचणाऱ्याच्या हाती तिजोरी कशाला? पैसे हलवण्याआधी माणसाची संमती हवीच. एजंट विकणारे मात्र सगळ्या परवानग्या एकाच बटणात मागतात, आणि आपण घाईघाईत ‘होय’ दाबून मोकळे होतो.